फोनला सांगायचे राहून गेले

गणपती होऊन गेल्यावरच्या एका सोमवारी सकाळी, आमच्या चारोटीच्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन आले. गावात त्यांना सारे गुरुजीच म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. नाव देण्याचे कारण नाही. काकूंचे वय एकाहत्तर. डोळ्यांखाली सूज, पावलांवर बोट दाबले तर खळगा राहत होता, दोन दिवसांपासून अन्नावर वासना नव्हती आणि लघवी जेमतेम होत होती. तीन महिन्यांपूर्वी याच काकू माझ्याकडून रक्तदाब तपासून हसतमुखाने घरी गेल्या होत्या. तेव्हा त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन १.० होते. त्या सोमवारी ते ३.२ निघाले आणि पोटॅशियम ५.९. ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांना हे आकडे वाचूनच पोटात गोळा आला असेल.

मी विचारले, नवे काही औषध घेतले का? काकू गुरुजींकडे पाहू लागल्या. गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला आणि अपराधी स्वरात म्हणाले, “डॉक्टर, याला विचारले होते.”

झाले होते ते असे. काकूंचे गुडघे पावसाळ्यात धरतात. एका रात्री कळ थांबेना, तेव्हा गुरुजींनी फोनमधल्या त्या बोलक्या अ‍ॅपला मराठीत प्रश्न केला, की गुडघेदुखीवर कोणती गोळी चांगली? नातवाने ते अ‍ॅप घालून दिले होते. (त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, आज ना उद्या सगळीच अशी अ‍ॅप आपल्या फोनमध्ये असणार आहेत.) अ‍ॅपने स्वच्छ मराठीत उत्तर दिले. शेक घ्या, मांडीचे व्यायाम करा, वजन आटोक्यात ठेवा, पॅरासिटामॉल घेऊन पाहा, त्याने न भागल्यास आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी आराम पडतो. उत्तराच्या शेवटी आणखी एक वाक्य होते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. परंतु गुरुजी ते उत्तर ऐकत होते, वाचत नव्हते, आणि गोळीचे नाव कागदावर उतरवून घेण्याच्या गडबडीत त्यांनी फोन मध्येच बंद केला. सकाळी दुकानात गोळी मिळाली. दुकानदाराने काही विचारले नाही. काकूंनी ती नऊ दिवस, दिवसातून तीन वेळा घेतली. गुडघ्यांना आराम पडला, हेही खरे.

काकूंना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी चालू आहे. आपल्यापैकी अनेकांच्या डब्यात हीच किंवा हिची बहीण असेल. ती उत्तम गोळी आहे. तिच्या जोडीला दुखण्याची ही गोळी आली की काय घडते, ते आमच्या भागातील शेतकऱ्याला चटकन कळते. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावरून ज्याने कधी वाफ्यात पाणी घेतले आहे, त्याला ठाऊक आहे की वाफा भरायचा तर पाणी येण्याची वाट मोकळी हवी आणि जाण्याची थोडी अडवलेली हवी. मूत्रपिंडातील गाळणीही अशाच दाबावर चालते. दुखण्याची गोळी येणारी वाट अरुंद करते. टेल्मिसार्टन जाणारी वाट रुंद करते. आणि लघवी वाढवणारे औषध मुळातले पाणीच कमी करते. तिन्ही एकदम झाली की गाळणीवरचा दाब बसतो आणि लघवी आटते. तरुण माणूस हे काही दिवस सोसून नेतो. सत्तरीनंतर, त्यात जुलाब किंवा उपवासाने अंगातले पाणी कमी झालेले असेल तर, सोसत नाही.

काकूंना त्याच दिवशी वापीला दाखल करावे लागले. डायलिसिसवाचून भागले. सहा दिवसांनी त्या घरी आल्या आणि महिन्याने क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावले. पूर्वीच्या १.० वर ते अजून आलेले नाही.

या प्रसंगात दोषी कोण, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. फोनवर ढकलून मोकळे होणे सोपे होते. पण माझी तीन महिन्यांपूर्वीची चिठ्ठी मी पुन्हा पाहिली. तिच्यावर गोळीचे नाव होते, वेळ होती, मीठ कमी करा असे होते. दुखण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, हे वाक्य नव्हते. तोंडी म्हणालो होतो की नाही, ते स्मरत नाही. त्या दिवशी बाहेर चाळीस माणसे बसली होती आणि काकूंना मी फार तर चार मिनिटे दिली असतील. फोनने गुरुजींना रात्री साडेअकराला हवा तेवढा वेळ दिला, एकाच प्रश्नाचे उत्तर तीनदा दिले, आणि एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. वृद्ध माणसे फोनला का विचारतात, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

काकू घरी आल्यावरच्या रविवारी मी गुरुजींना फोन घेऊन दुपारी बोलावले. दवाखाना बंद होता. म्हटले, आपण दोघे याची परीक्षा घेऊ. तुम्ही आयुष्यभर घेतल्यात, आज आणखी एक.

पहिल्यांदा तोच जुना प्रश्न विचारला. जवळजवळ तेच उत्तर आले. शब्द थोडे निराळे, आणि या वेळी शेवटचे सावधगिरीचे वाक्य मात्र बरेच वर आले होते. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे: तोच प्रश्न, तेच अ‍ॅप, तरी उत्तर दर वेळी अक्षरशः तेच नसते. मग मी सांगितले तसे गुरुजींनी विचारले, “माझ्या पत्नीचे वय एकाहत्तर. रक्तदाबासाठी ती टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड घेते. क्रिएटिनिन तीन महिन्यांपूर्वी एक होते. गुडघे दुखतात. कोणती गोळी टाळावी?” आता पहिल्याच ओळीत उत्तर आले, की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातील गोळ्या टाळा, कारण या औषधांबरोबर त्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. तिन्ही औषधांचा एकमेकांशी संबंधही त्याने नीट उलगडून सांगितला. माझ्या वाफ्याच्या दृष्टान्ताहून तो अधिक शास्त्रशुद्ध होता, हे कबूल केले पाहिजे.

गुरुजी सुन्न झाले. म्हणाले, “म्हणजे याला ठाऊक होते! मग त्या रात्री का नाही सांगितले?”

सारे गाठोडे याच प्रश्नात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

माझ्याकडे वीस वर्षे एक कंपाउंडर होते. आता ते निवृत्त झाले. खोकला-ताप असे माझे दोन शब्द कानांवर पडताच त्यांचा हात योग्य बाटलीकडे जात असे. मी पुढे काय लिहिणार, हे त्यांना दहांतील नऊ वेळा आधीच कळे. ते काही वैद्यकशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी हजारो चिठ्ठ्या पाहिल्या होत्या आणि कशानंतर काय येते याचा साचा त्यांच्या डोक्यात बसला होता. या अ‍ॅपचे काम स्थूलमानाने असेच चालते. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर त्याची तालीम झालेली असते, आणि आपण दिलेल्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे सर्वांत साजेसे आहे, याचा हिशेब करीत ते एकेक तुकडा जोडत उत्तर रचते. त्या मजकुरात औषधांची पुस्तके होती, म्हणून औषधांची माहिती त्याच्या रचनेत उतरते. पण दाराबाहेर बसलेल्या रुग्णाला त्या कंपाउंडरांनी पाहिलेले नसे. फोननेही काकूंना पाहिलेले नव्हते. ज्या शब्दांनी त्याला काकूंकडे नेले असते, ते शब्द प्रश्नात नव्हते. म्हणून त्याने जगातील कोणत्याही गुडघ्यासाठी चालेल असे उत्तर दिले. चांगला डॉक्टर अशा वेळी आधी उलट प्रश्न विचारतो. ही अ‍ॅप आता कधी कधी विचारू लागली आहेत, पण ती विचारतीलच असे धरून चालू नये.

कंपाउंडर आणि अ‍ॅप यांच्यात एक फरक मात्र मोठा आहे. कंपाउंडरांना खात्री नसली की ते बाटली हातात धरून माझ्याकडे पाहत असत. अ‍ॅप तसे थांबेलच असे नाही. त्या रविवारी आम्ही त्याला आणखी एक साधा प्रश्न विचारला, की कासा येथील सरकारी रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक काय? क्षणाचाही विलंब न लावता क्रमांक आला. दिसायला अगदी खरा, आकडेही नेमके तितकेच. लावून पाहिला तर तो अस्तित्वातच नव्हता. ते खोटे बोलले असे म्हणता येत नाही. दूरध्वनी क्रमांक जसा दिसतो तसा एक त्याने रचून दिला. काही अ‍ॅप उत्तर देण्यापूर्वी इंटरनेटवर शोध घेतात आणि माहिती कोठून घेतली ते खाली दाखवतात. तेथे असा घोटाळा कमी होतो, नाहीसा होत नाही. क्रमांक, पत्ते, मात्रा, तारखा, म्हणजे जेथे एक आकडा चुकला तरी अनर्थ होतो तेथे, त्याच्या आत्मविश्वासावर जाऊ नये.

आणि भाषेचे म्हणाल, तर मराठी त्याला चांगली येते, पण घरातली मराठी येतेच असे नाही. “अंगात कसर आहे” असे माझे निम्मे रुग्ण म्हणतात. बारीक ताप, अंग मोडून येणे, असा त्याचा अर्थ आपण सगळेच जाणतो. आम्ही तेच वाक्य फोनला दिले. त्याने कसर म्हणजे कमतरता असा अर्थ घेतला आणि जीवनसत्त्वांची लांबलचक यादी वाचून दाखवली. गुरुजी त्या दिवशी प्रथमच हसले. पण विचार करा, ही वाक्ये एखाद्या आजींची असती आणि त्यांना आठ दिवस बारीक ताप असता, तर ते हसण्यावारी नेता आले असते का? आमच्या डहाणू-तलासरी भागात तर घरोघरी वारली बोलली जाते, कुठे कोकणा, कुठे गुजराती मिसळलेली. इंटरनेटवर या बोलींतला मजकूर फारच थोडा आहे, आणि जे वाचायला मिळाले नाही ते अ‍ॅपला कसे येणार?

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द अलीकडे कानावर आदळू लागला असला तरी तो १९५५ सालचा आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या एका उन्हाळी अभ्याससत्रासाठी जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वापरला. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांना खुले झाले आणि तेव्हापासून ही विद्या आपल्या खिशात आली. त्याआधीही ती तेथे होतीच, फक्त बोलत नव्हती. आपण बोलतो ते मराठीत टंकणारा कळफलक, महामार्गावर कोंडी आहे म्हणून चारोटी नाक्याच्या अलीकडे वळा असे सुचवणारा नकाशा, फोटोंतून नातवाचे चेहरे वेगळे काढणारी यादी, ही सगळी तिचीच रूपे.

आणि वैद्यकात तिचे सर्वांत भरवशाचे काम बोलघेवडे नाहीच. क्षयरोगाच्या शिबिरांत आता हातात धरण्याजोगे एक्स-रे यंत्र येते. छातीचे चित्र काढले की संगणक काही क्षणांत सांगतो, या फुप्फुसात क्षयासारखे काही दिसते की नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, पंधरा वर्षांच्या आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षयतपासणीसाठी अशा संगणकीय वाचनाला मान्यता दिली. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली या कामासाठी अनेक देशांत वापरली जाते. जेथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ पोचत नाही, अशा पाड्यांसाठी हे वरदान आहे, आणि हा शब्द मी सहसा वापरत नाही. पण येथे दोन गोष्टी पाहा. त्या यंत्राला एकच काम दिलेले आहे. आणि त्याने बोट दाखवले तरी औषध लगेच सुरू होत नाही. थुंकीची तपासणी होते, मग निर्णय होतो. गुरुजींच्या फोनला मात्र जगातील प्रत्येक कामाची मुभा होती आणि त्याच्यामागे तपासायला कोणी नव्हते.

तरीही यंत्राचा दवाखान्यातला संसार कागदावर दिसतो तितका सोपा नसतो. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी गूगलची प्रणाली प्रयोगशाळेत उत्तम ठरली होती. २०१८ आणि २०१९ मध्ये ती थायलंडमधील दवाखान्यांत नेली, तेव्हा पाचांतील एकाहून अधिक छायाचित्रे तिने वाचायलाच नकार दिला. तेथील परिचारिका ज्या खोल्यांत छायाचित्रे काढत होत्या, त्यांतल्या कित्येकांत पुरेसा अंधार होत नव्हता. मला ही हकीकत वाचून त्या परिचारिका फार जवळच्या वाटल्या.

अतिविश्वासाची एक हकीकत २०२५ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. साठ वर्षांच्या एका गृहस्थाने मिठाचे दुष्परिणाम वाचून आहारातून क्लोराइड हद्दपार करायचे ठरवले. चॅटजीपीटीशी सल्लामसलत करून त्याने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाणे सुरू केले आणि तीन महिने ते खाल्ले. शेजारी आपल्याला विष घालतो आहे, अशा भ्रमात तो रुग्णालयात आला. ब्रोमाइडची विषबाधा आमच्या पिढीने केवळ जुन्या ग्रंथांत वाचलेली. त्याने नेमके काय विचारले होते आणि काय उत्तर मिळाले होते, ते संभाषण डॉक्टरांच्या हाती आले नाही. पण क्लोराइडला पर्याय काय, या प्रश्नाचे उत्तर ब्रोमाइड हे काही कामांसाठी बरोबरच आहे. हा पर्याय ताटात वाढायचा आहे, हे बहुधा सांगायचे राहिले.

मग फोनला काही विचारूच नये का? तसे मी म्हणणार नाही. मी स्वतः विचारतो. रक्ततपासणीचा अहवाल हातात आला आणि त्यातील शब्द कळत नसतील, तर “हे शब्द सोप्या मराठीत सांग” असे जरूर म्हणावे. अहवालाचा फोटो देताना वरचा नाव-पत्त्याचा भाग दुमडून घ्यावा. आधार क्रमांक, बँकेचे तपशील त्याला कधीही देऊ नयेत. “डॉक्टरांकडे जाताना कोणते प्रश्न विचारू?” हा तर त्याला विचारण्याचा उत्तम प्रश्न आहे. चालू गोळी बंद करणे, मात्रा बदलणे, नवी गोळी सुरू करणे, ही तीन कामे त्याच्या उत्तरावर करू नयेत. आणि छातीत दाटले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर फोन हातात घ्यावा तो १०८ लावण्यासाठीच.

घरातील शुश्रूषा करणाऱ्यांना मी एक काम सांगतो. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर वय, आजार, चालू असलेली प्रत्येक गोळी आणि तिची मात्रा, ज्या औषधाने पूर्वी त्रास झाला ते औषध, आणि शेवटचे क्रिएटिनिन तारखेसह लिहा. डॉक्टर असो, औषधाचा दुकानदार असो की फोन, पुढे आधी हा कागद, मग प्रश्न. गुरुजींच्या घरी तो आता फ्रिजच्या दारावर आहे. त्यांनी त्यावर लाल शाईने ‘दुखण्याच्या गोळ्या वर्ज्य’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत, जुन्या सवयीने.

आहाराचा तक्ता मात्र त्याच्याकडून करून घेताना मजा येते. मी एका वारली आजींसाठी रक्तदाबाचा तक्ता मागितला, तर न्याहारीला ओट्स, दुपारी सामन मासा आणि संध्याकाळी ब्लूबेरी. त्याला सांगितले, आजी डहाणू तालुक्यात राहतात. लगेच दिलगिरी व्यक्त करून त्याने नागलीची भाकरी आणली, शेवग्याचा पाला आणला आणि उत्साहाच्या भरात खारवलेली सुकी मासळीही आणली. रक्तदाबाला मीठ कमी, हे त्याने स्वतःच चार ओळी वर लिहिले होते. मासळी मी काढून टाकली. बाकीचा तक्ता आजींच्या सुनेला आवडला.

एक धोका निराळा आहे आणि तो आजाराचा नसूनही माझ्याकडे येणाऱ्यांचा रक्तदाब वाढवून जातो. ही विद्या आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कलही करते. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी स्वतः जाहीर केले, की एका खेळाच्या अ‍ॅपची भलामण करणारी आपली चित्रफीत बनावट आहे. पाहणाऱ्याला तोच चेहरा, तोच आवाज. जेथे सचिनचा चेहरा उचलता येतो, तेथे एखाद्या नामांकित डॉक्टरांच्या तोंडून सांधेदुखीचे तेल विकवणे काय अवघड? फोनवर नातू रडत असेल, अपघात झाला, पैसे पाठवा म्हणत असेल, तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन लावा, आणि घरच्यांनाच ठाऊक असेल अशी एखादी खूण आधीच ठरवून ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच घटकेला कळवा. लाजेने दोन दिवस गप्प बसणारे वृद्ध मी पाहिले आहेत. त्या दोन दिवसांत पैसे पार पुढे निघून जातात.

त्या रविवारी निघताना गुरुजी दारात घुटमळले. म्हणाले, “डॉक्टर, खरे सांगू? औषधाचे काम नसले तरी मी याच्याशी बोलतो. मुलगा सुरतेला, मुलगी ठाण्याला. ही नऊलाच झोपते.”

मला त्या वेळी एलिझाची गोष्ट आठवली. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या अमेरिकेतील प्राध्यापकांनी एलिझा नावाचा एक अगदी साधा संगणकी कार्यक्रम लिहिला. समोरच्याचे वाक्यच थोडे उलटून प्रश्न करायचा, एवढेच त्याला येत होते. वायझेनबाउम यांच्या सचिवबाईंनी तो बनताना कित्येक महिने डोळ्यांनी पाहिला होता. तरी दोन-चार वाक्ये त्याच्याशी बोलून झाल्यावर त्यांनी प्राध्यापकांना विनंती केली, जरा खोलीबाहेर जाता का? त्यांना एकांत हवा होता. वायझेनबाउम यांना या गोष्टीने जो धक्का दिला, तो पुढे त्यांच्या लेखनातून वारंवार प्रकट झाला. माझ्या मनात गुरुजींना ही गोष्ट सांगण्याचे आले, पण मी सांगितली नाही. रात्री साडेअकराला ज्याच्याशी बोलता येते ते यंत्र आहे, हे त्यांना माझ्याहून चांगले कळते. मी त्यांच्या मुलाचा क्रमांक मागून घेतला आणि त्याला फोन केला. आईच्या मूत्रपिंडाचे सांगितले, मग वडिलांचेही सांगितले. तो आता रोज रात्री साडेनऊला फोन करतो, असे कळते. रोज म्हणजे आठवड्यातून चार दिवस, असे गुरुजी म्हणतात.

परवा दोघे ठरल्या दिवशी तपासणीला आले. गुरुजींच्या हातात कागद होता, सुवाच्य अक्षरात चार प्रश्न. चारही फोनने सुचवलेले, आणि चारही चांगले: पोटॅशियम पुन्हा कधी तपासावे, गुडघ्यांना वरून लावण्याचे मलम चालेल का, पाणी किती प्यावे, उलट्या-जुलाब झाले तर रक्तदाबाची गोळी घ्यावी का. हा शेवटचा प्रश्न तर मीच त्यांना आधी सांगायला हवा होता. उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणेपिणे तुटले, तर गोळीचे काय करायचे ते त्याच दिवशी मला फोन करून विचारा, असे मी काकूंना दोनदा म्हणून दाखवले आणि या वेळी चिठ्ठीवरही लिहिले.

कागदाच्या तळाशी वेगळ्या, थरथरत्या अक्षरात पाचवा प्रश्न होता. तो काकूंचा. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते. तिला जाता येईल का?

मी गमतीने विचारले, “हा फोनला नाही विचारला?”

“त्याने तो डोंगर कुठे पाहिलाय!” काकू म्हणाल्या.

मी सांगितले, खालच्या देवळापर्यंत रिक्षाने, सकाळी नऊच्या आत, बरोबर पाण्याची बाटली. डोंगरावर नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “अर्ध्यापर्यंत?”